नोंदीबाहेरची मायला : लुईस अर्ड्रिच यांच्या ‘द राउंड हाऊस’ या कादंबरीतील बेपत्ता स्त्रीचा प्रश्न

प्रास्ताविक

उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रिया बेपत्ता होणे, त्यांच्या हत्या होणे आणि त्या हत्यांचा तपास अर्धवट राहणे हा विषय गेल्या दोन-तीन दशकांत कादंबरी, नाटक, चित्रपट व दृश्यकला या सर्व माध्यमांतून पुढे आला आहे. या साहित्यात लुईस अर्ड्रिच यांच्या ‘द राउंड हाऊस’ (२०१२) या कादंबरीचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. अर्ड्रिच या टर्टल माउंटन चिपेवा जमातीच्या सदस्य असून या कादंबरीस २०१२ चा ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाला. ‘द प्लेग ऑफ डव्ह्ज’ (२००८) आणि ‘लारोझ’ (२०१६) या कादंबऱ्यांसह तिची एक सैलशी त्रयी होते.

येथे दोन शब्दांविषयी खुलासा आवश्यक आहे. ‘मूलनिवासी’ या शब्दाला महाराष्ट्रातील सामाजिक चळवळीत स्वतंत्र अर्थ आहे. प्रस्तुत लेखात तो युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून त्या खंडात राहणाऱ्या समाजांपुरता योजला आहे. ‘रिझर्व्हेशन’ म्हणजेही आरक्षण नव्हे. करारांनी, आणि बहुधा सक्तीने, जमातींसाठी राखून ठेवलेला भूप्रदेश असा त्याचा अर्थ आहे. हा दुसरा अर्थ नीट ध्यानात घेतल्याशिवाय या कादंबरीतील पेच उलगडत नाही.

या कादंबरीचे वाचन सामान्यतः दोन अंगांनी केले जाते. एक, तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रौढ होण्याची कथा म्हणून. दोन, बलात्कार आणि अधिकारक्षेत्राचा कायदा यांची कथा म्हणून. दोन्ही वाचने ग्राह्य आहेत. परंतु दोन्हींमध्ये मायला वुल्फस्किन या तरुणीचा उल्लेख कथानकाचा एक धागा एवढ्यापुरताच उरतो. वस्तुतः या कादंबरीत बेपत्ता होणारी आणि मारली जाणारी स्त्री तीच आहे. ज्या प्रश्नाकडे कादंबरी जगाचे लक्ष वेधते, त्या प्रश्नाची खरी बळी कादंबरीच्या कडेला का राहते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘कुठे’ या प्रश्नाचे राज्य

कथानक १९८८ मध्ये नॉर्थ डकोटातील एका ओजिब्वे वसाहतीत घडते. रविवारची दुपार आहे. जो कूट्स आणि त्याचे वडील बेझिल घराच्या पायात रुजलेली रोपटी उपटत आहेत. आई जेराल्डीन कार्यालयातून एक फाइल आणण्यासाठी गेली आहे आणि परतलेली नाही. ती परतते तेव्हा तिच्यावर अमानुष अत्याचार झालेला असतो आणि अंगाला पेट्रोलचा वास येत असतो. रुग्णालयात तीन पोलीस येतात : एक राज्याचा, एक शेजारच्या गावचा, एक जमातीचा. एका गुन्ह्यासाठी तिघे येतात, कारण गुन्हा कोणाचा हेच ठरलेले नसते. अर्ड्रिच यांनी हा प्रसंग कसलीही टिप्पणी न करता मांडला आहे, आणि कादंबरीतील उत्तम पानांत त्याची गणना व्हावी.

अत्याचार ‘राउंड हाऊस’ या जुन्या विधिगृहाच्या परिसरात झाला. तेथे जमातीच्या विश्वस्त मालकीची जमीन, राज्याच्या उद्यानाची जमीन आणि खाजगी मालकीची जमीन एकमेकींना लागून आहेत. कोणत्या जमिनीवर गुन्हा घडला त्यावरून कोणत्या शासनाचा कायदा लागू होणार हे ठरते. जेराल्डीनचे डोके कापडाने झाकलेले होते. त्यामुळे नेमकी जागा तिला सांगता येत नाही. आरोपी लिंडेन लार्क हा गोरा आहे. तो पकडला जातो आणि सुटतो.

बेझिल जमातीच्या न्यायालयात न्यायाधीश आहे. त्याच्या अधिकारात येणारे खटले किरकोळ आहेत. जो बरोबर बसून तो जुन्या फायली चाळतो, तेव्हा मुलाला वडिलांच्या पदाचे खुजेपण प्रथमच जाणवते. मुलाला समजावण्यासाठी बेझिल स्वयंपाकघरातील एका नासक्या कॅसरोलवर काटे, सुऱ्या अशी भांडीकुंडी रचतो आणि सांगतो की मूलनिवासींविषयीच्या कायद्याची इमारत अशी आहे. तळातला कुजका थर म्हणजे १८२३ चा ‘जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश’ हा निकाल. ‘शोध’ लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे जमिनीची मालकी जाते, मूळ रहिवाशांकडे केवळ वहिवाट राहते, असे तत्त्व त्याने मान्य केले. त्यावर पुढचे थर चढत जातात. १८८५ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत मूलनिवासी आरोपींवरील खटल्यांत संघराज्य शासनाचा शिरकाव झाला. १९७८ च्या ‘ऑलिफंट विरुद्ध सुक्वामिश’ या निकालाने मूलनिवासी नसलेल्या व्यक्तीवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार जमातींना नाही, असे ठरवले. बाहेरच्या माणसाने वसाहतीत येऊन गुन्हा करावा आणि जमातीने केवळ पाहत राहावे, अशी ही अवस्था. ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या २००७ च्या अहवालाने या अवस्थेला चक्रव्यूह म्हटले होते, आयुष्यात कधी ना कधी बलात्कार झालेल्या मूलनिवासी स्त्रियांचे प्रमाण तीनांत एकाहून अधिक आहे, हे त्यातून जगापुढे आले. अर्ड्रिच यांनी कादंबरीच्या उत्तरलेखात हेच वास्तव आकड्यांसह नोंदवले आहे.

मराठी वाचकाला येथे मथुरा खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तथापि हे साम्य फार ताणू नये. मथुरा खटल्यात न्यायालयाचा अधिकार वादातीत होता. वाद संमतीचा होता. जेराल्डीनच्या संमतीविषयी कोणालाही शंका नाही. तिच्या बाबतीत सगळे मान्य आहे, फक्त न्यायालयच सापडत नाही.

मात्र कायद्याने विचारलेला ‘कुठे’ हा प्रश्न कादंबरीच्या रचनेवरही स्वार होतो. जो आणि त्याचे मित्र घटनास्थळी जाऊन पुरावे शोधतात, बेझिल नकाशा मनात ठेवून प्रश्न विचारतो, वाचकही जागा शोधू लागतो. या शोधात ‘कोण नाहीशी झाली’ हा प्रश्न बराच काळ विचारलाच जात नाही.

फाइल

जेराल्डीनचे काम जमातीच्या सदस्यनोंदणीचे आहे. कोण कोणाचे मूल, कोणाच्या रक्तात जमातीचा किती अंश, कोणाचा पिता कागदावर वेगळा आणि प्रत्यक्षात वेगळा, हे सारे तिच्या फायलींत आणि त्याहून अधिक तिच्या स्मरणात आहे. या कामामुळेच तिच्यावर संकट येते. मायला आपल्या तान्ह्या मुलीची नोंद जमातीत व्हावी म्हणून तिच्याकडे आलेली असते. मुलीचा पिता शेजारच्या साउथ डकोटा राज्याचा गव्हर्नर आहे. त्या फाइलमध्ये एका सत्ताधाऱ्याचे नाव आहे, आणि लार्कला ती फाइल हवी आहे. जेराल्डीन दीर्घकाळ मौन पाळते, आपल्याच खोलीत स्वतःला कोंडून घेते. तिचे मौन अनेकदा केवळ मानसिक आघाताचे लक्षण म्हणून वाचले जाते. परंतु ती बोलली तर मायला आणि तिचे मूल यांच्या जिवाला धोका आहे, हेही त्या मौनाचे कारण आहे. तिचे गप्प राहणे हीदेखील एका अर्थाने नोंद राखण्याचीच क्रिया आहे.

नोंद ही गोष्ट नेहमीच संरक्षक असते असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखालील हजेरीपट ज्यांनी अनुभवले त्या समाजांचे मराठी साहित्य वाचलेल्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतही जमातींच्या याद्या आणि रक्तांशाचा हिशेब प्रथम शासनाच्या सोयीसाठी आला. जेराल्डीनचे वैशिष्ट्य असे की, तिने या परक्या साधनाचे रूपांतर नात्यांच्या जपणुकीत केले आहे. एका मुलीची नोंद होणे म्हणजे ती कोणाची तरी आहे असे समाजाने मान्य करणे.

याच्या उलट चित्र शासकीय आकडेवारीत दिसते. सिॲटल येथील ‘अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूट’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१६ या एका वर्षात राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्राकडे मूलनिवासी स्त्रिया व मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी होत्या, संघराज्याच्या न्याय खात्याच्या बेपत्ता व्यक्तींच्या माहितीसंचात त्यांपैकी केवळ ११६ प्रकरणे आढळली. याच संस्थेने ७१ शहरांतून माहिती मागवून ५०६ प्रकरणे शोधली. वंशाची नोंद चुकीची करणे किंवा न करणे, हे या तफावतीचे एक कारण असल्याचे तिने दाखवले. कॅनडात २०१४ मध्ये तेथील राष्ट्रीय पोलीस दलाने १९८० ते २०१२ या काळातील १,१८१ प्रकरणे जाहीर केली. २०१९ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने मात्र खरा आकडा कोणालाच ठाऊक नाही अशी भूमिका घेतली. या पार्श्वभूमीवर अर्ड्रिच यांनी नोंदणी कार्यालयातील स्त्रीला कथेच्या मध्यभागी ठेवले, याला विशेष अर्थ प्राप्त होतो. ५,७१२ आणि ११६ यांच्यामधले अंतर हे एका अर्थाने जेराल्डीनच्या फाइलीचे क्षेत्र आहे.

मायला कुठे आहे

मायलाविषयी कादंबरी जे सांगते ते सगळे इतरांच्या तोंडून येते. जेराल्डीन अखेर बोलते तेव्हा तिच्या जबाबात मायला दिसते : बांधलेली, मूल जवळ असलेली. लार्क काडी पेटवू शकत नाही आणि जेराल्डीन निसटते. मायला निसटत नाही. तळ्यात सापडलेल्या बाहुलीत दडवलेली मोठी रक्कम जोच्या हाती लागते. ती मायलाशी निगडित असल्याचे नंतर कळते. बाहुलीतील पैसा अनेकांच्या हातून फिरतो. मायलाचा शोध मात्र त्या वेगाने कोणी घेत नाही. तिचा मृतदेह बांधकामाच्या जागी मातीत आहे, हे जोला फार उशिरा उमगते, तेही गावातल्या एका दारुड्याच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यातून. आपण पाहिले ते खरे होते की स्वप्न, हे तपासायला तो निघालेला असतो. त्याचे म्हणणे कोणी साक्ष म्हणून ऐकलेले नसते.

हा तपशील रचनेच्या दृष्टीने कळीचा आहे. वेदनेला साक्षीदार होता. पण त्याची साक्ष ग्राह्य धरली जावी असे त्याचे समाजातील स्थान नव्हते. अर्ड्रिच येथे मोठी अचूक गोष्ट सांगतात. परंतु ती कादंबरीच्या अगदी शेवटी, काही ओळींत सांगतात. तोवर जो आणि त्याचा मित्र कॅपी यांनी गोल्फच्या मैदानावर लार्कला गोळ्या घातलेल्या असतात. वाचकाच्या मनातला ताण तेथे सैल झालेला असतो. त्यानंतर कॅपीच्या अपघाती मृत्यूचे दुःख येते. या दोहोंच्या मध्ये मायलाचा मृतदेह वाचकाच्या नजरेतून निसटण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि वर्गात ही कादंबरी शिकवताना विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तिचे नावही येत नाही, हा अनुभव दुर्मीळ नसावा.

याचे समर्थन निवेदकाच्या मर्यादेने करता येते. कथा सांगणारा जो आता प्रौढ, कायद्याच्या क्षेत्रात काम करणारा असला, तरी तो तेरा वर्षांच्या मुलाचीच नजर पुन्हा जगतो. त्या मुलाला आई परत हवी आहे; अनोळखी मुलगी त्याच्या दुःखाच्या परिघात येत नाही. हे मानसशास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. तरीही प्रौढ निवेदकाला पुढील वर्षांत जे कळले असणार, त्याला कादंबरीत जागा मिळत नाही, ही उणीव उरतेच. ज्या लेखिकेने जमातीच्या इतिहासाला अनेक निवेदकांचे आवाज दिले, त्याच लेखिकेने येथे एकच आवाज निवडला आणि त्याची किंमत मायलाने मोजली, असे म्हणावे लागते.

मृत स्त्रियांचा रंगमंच

दुसरा मार्ग शक्य होता, हे मारी क्लेमेंट्स यांच्या ‘द अननॅचरल अँड ॲक्सिडेंटल विमेन’ या नाटकावरून दिसते. व्हँकूव्हरमध्ये २००० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकामागे खरी घटनामालिका आहे. शहराच्या ‘डाउनटाउन ईस्टसाइड’ या गरीब वस्तीत अनेक स्त्रिया, त्यांत बहुसंख्य मूलनिवासी, रक्तात अतिरेकी मद्यांश आढळून मृत सापडत गेल्या. मृत्युतपासणी अधिकाऱ्यांनी नोंद केली : अनैसर्गिक आणि अपघाती. केशकर्तनाचे दुकान चालवणारा एक इसम त्यांना मरेपर्यंत दारू पाजत होता. १९८८ मध्ये एका स्त्रीच्या मृत्यूबद्दल तो सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. इतर मृत्यूंबद्दल त्याला शिक्षा झाली नाही.

क्लेमेंट्स यांनी शासकीय शेऱ्यालाच नाटकाचे शीर्षक केले. पहिल्या अंकात प्रत्येक स्त्री आपापल्या हॉटेलच्या खोलीत एकटी आहे. पडद्यावर तिच्या मृत्यूच्या अहवालातील मजकूर झळकतो आणि समोर ती बोलते, चिडते, विनोद करते, कोणाला तरी फोन लावते. अहवाल आणि माणूस यांतील अंतर प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. रिबेका आपल्या बेपत्ता आईच्या शोधात आहे; आई, म्हणजे आंट शेडी, मृतांमध्येच रंगमंचावर वावरत आहे. शोध घेणारी आणि शोधली जाणारी एकाच अवकाशात असल्याने मृत स्त्रीचे निव्वळ पुराव्यात रूपांतर होत नाही. कादंबरीने मायलासाठी जे केले नाही ते नाटकाने येथे केले.

मात्र एका बाबतीत दोन्ही कलाकृती एकाच ठिकाणी पोहोचतात. नाटकाच्या शेवटी खुन्याचा वध मृत आणि जिवंत स्त्रियांकडून होतो. कादंबरीत दोन मुले लार्कला मारतात. टेलर शेरिडन यांच्या ‘विंड रिव्हर’ (२०१७) या चित्रपटातही गुन्हेगाराला न्यायालयात नेण्याऐवजी डोंगरावर मरायला सोडले जाते, आणि तेथे तर सूड घेणारा नायकही गोरा शिकारी आहे. बेपत्ता मूलनिवासी स्त्रियांची आकडेवारीच ठेवली जात नाही, अशी ओळ त्या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येते. तिच्या आधीच्या दोन तासांतील नायकत्वामुळे ती ओळ दुबळी होते. तिन्ही लेखक-दिग्दर्शकांना गुन्हेगाराच्या मृत्यूशिवाय शेवट सुचू नये, हा कायद्याच्या अपयशावरचा अभिप्राय तर आहेच, पण कल्पनाशक्तीही त्याच अपयशाच्या चौकटीत अडकल्याचे ते लक्षण आहे.

अर्ड्रिच यांची जाण इतरांहून अधिक गुंतागुंतीची आहे, हे मान्य करावे लागेल. बेझिल हा विंडिगूच्या परंपरागत कायद्याचा आधार घेऊन लार्कच्या हत्येचे समर्थन करू पाहतो. विंडिगू म्हणजे माणसांना भक्ष्य समजणारी नरभक्षक प्रवृत्ती, आणि तिचा नाश जुन्या रूढीत मान्य होता. परंतु त्याच कादंबरीत म्हातारा मूशम झोपेत जी कथा सांगतो ती या समर्थनाच्या विरोधात उभी राहते. त्या कथेत अकीक्वे या स्त्रीवर तिचा नवराच विंडिगू असल्याचा आरोप ठेवतो आणि तिला मारण्याचे काम तिचा मुलगा नानापुश याच्यावर येते. नानापुश आईला मारत नाही. नकोशी झालेली स्त्री संपवण्यासाठी रूढीचा उपयोग कसा होतो, हे ती कथा दाखवते. एका मुलाने हत्या नाकारली, दुसऱ्याने केली. कादंबरीने हा विरोध मांडून ठेवला आहे. बेझिलच्या तर्कावर त्याचा प्रकाश पडू दिलेला नाही.

कायदा बदलल्यानंतर

कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतरचा इतिहास तिच्या वाचनात धरला पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मध्ये अर्ड्रिच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याच्या नूतनीकरणाची मागणी केली. मार्चमध्ये तो कायदा झाला आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या काही प्रकरणांत मूलनिवासी नसलेल्या आरोपींवर खटले चालवण्याचा अधिकार जमातींना परत मिळाला. लार्कसारखा अनोळखी हल्लेखोर त्यात बसत नव्हता. २०२० मध्ये बेपत्ता व हत्या झालेल्या मूलनिवासी व्यक्तींच्या नोंदी सुधारण्यासाठी ‘सवानाज ॲक्ट’ आला. मार्च २०२२ च्या नूतनीकरणाने लैंगिक हिंसा, पाठलाग, मानवी व्यापार, बालकांवरील हिंसा हे गुन्हे यादीत समाविष्ट केले.

म्हणजे जेराल्डीनवरील अत्याचार आज घडला असता आणि तो जमातीच्या जमिनीवर घडल्याचे सिद्ध करता आले असते, तर तत्त्वतः बेझिलच्या न्यायालयासारख्या न्यायालयात लार्कला उभे करता आले असते. जागेची अट कायम आहे. कापडाखालचा अंधारही कायम आहे. आणि २०२२ च्या त्या यादीत हत्या हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नाही. मायलाच्या बाबतीत जमातीच्या न्यायालयाची स्थिती १९८८ मध्ये होती तेथेच आहे.